चौदा घरांची एकच वाट

मुलुंड पूर्व
सोमवार, ६ जानेवारी २०२५

अस्मिता,

हे पाकीट तुझ्या नवऱ्याने, केयूरने, उघडलं असेल, तर त्याने इथेच थांबावं आणि ज्याचं आहे त्याच्या हातात द्यावं. रजिस्टरने पाठवतोय, पोचपावतीसकट. उद्या ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय नको. तू माझा नंबर ब्लॉक करून आठ वर्षं झाली, तेव्हा दुसरा इलाज नाही. मुलुंड ते कांजूर तीन स्टेशनं. पोस्टाला चार दिवस लागतात म्हणे. लागू देत.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. कामाचं आहे.

संस्थेच्या पाहणीची तिसरी फेरी सुरू झाली. मी रिटायर झालोय, पण कंत्राटावर परत बोलावलं. डोळ्यांत तेल घालून फॉर्म तपासणारी माणसं आता मिळत नाहीत, असं साहेब स्वतः म्हणाले. काम तेच. बँका लोकांपर्यंत किती पोचल्या ते मोजायचं. दर चार वर्षांनी त्याच घरांत जायचं आणि तेच विचारायचं: खातं आहे का, बँकेत कोण जातं, कधी, कसं, किती वेळ लागतो, कार्ड कोण वापरतं. आणि तीन वेळा दार वाजवल्याशिवाय फॉर्मवर ‘घर बंद’ लिहायचं नाही. हा नियम तुला मीच शिकवला होता, पहिल्या दिवशी, घाटकोपरच्या पुलावर उभं राहून.

आता मुद्द्याचं. २०१७ साली तू डोंगरावरच्या त्या गल्लीतले चौदा फॉर्म आणलेस. चौदाच्या चौदा बायका शब्दाला शब्द सारखं बोललेल्या: मी स्वतःच जाते. सोमवारी, अकरा वाजता. चालत वीस मिनिटं. कार्ड मीच वापरते. अगं, चौदा बायका एका नळावर एकमताने उभ्या राहत नाहीत! मी फेरतपासणीला गेलो. चिठ्ठीच तुझ्या गल्लीची निघाली, त्याला मी काय करणार? तीन घरांत विचारलं. तिन्ही घरांनी सांगितलं, कोणी मुलगी आलीच नव्हती. मी अहवालात ‘बनावट’ लिहिलं. चौकशीत तू काय म्हणालीस? “मी गेले होते.” एवढंच. निर्दोष माणूस एवढ्यावर थांबतो का? आपण घरीही मग बोललो नाही, आणि तू बॅग भरलीस.

हे सगळं आज का उकरतोय? कारण ती गल्ली या वेळी परत यादीत आली आहे. तुझ्या भानगडीनंतर २०२१ ला ती गाळली होती. या खेपेला तिथे श्वेता नावाची मुलगी जाते. शनिवारी तिचे फॉर्म आले. चौदा. पुन्हा सगळे सारखे.

तर सरळ विचारतो. या श्वेताला तू ओळखतेस का? तुझ्या जुन्या फॉर्मची नक्कल तिला तू दिलीस का? हो की नाही, एवढंच कळव. पोस्टकार्ड सोबत जोडलंय, पत्ता घातलेला आहे.

मधुकर पेडणेकर


रविवार, १९ जानेवारी

अस्मिता,

पोचपावती आली. सही केयूरची. म्हणजे माझा अंदाज बरोबर. पोस्टकार्ड काही आलं नाही.

न्यायाला धरून एक गोष्ट सांगायला हवी. नक्कल झालेली नाही. काल दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. (तुझे चौदा फॉर्म माझ्याकडे आहेत. नियमाप्रमाणे ते फाडायला हवे होते. पुरावा म्हणून ठेवले. माळ्यावर असतात, मी संगणकावरची यादी पाहिली.) तेव्हा सोमवार होता, आता मंगळवार. तेव्हा अकरा, आता दहा. तेव्हा चालत वीस मिनिटं, आता शेअर रिक्षा आणि चाळीस मिनिटं. डोंगराच्या पायथ्याची ती शाखा तीन वर्षांपूर्वी हायवेच्या पलीकडे गेली, तेव्हा चाळीस हे बरोबरच आहे. नक्कल करणाऱ्या पोरीने वीसचे चाळीस का केले असते? आणि सगळ्यांचे एकदम कसे वाढले?

श्वेताला बोलावून झापलं. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, मी गेले होते. तुम्ही जाऊन विचारा ना.” हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, तुझ्या आईने भाजीत मीठ जास्त घातलं होतं.

आईवरनं आठवलं. ती दर गुरुवारी भजनाला जाते. भांडुपला, म्हणते. मी काही बोलत नाही. पण घावण्यांचा चार ताळी डबा घेऊन भजनाला कोण जातं गं? परवा परत आली तर ओढणीला रंगीत खडूचे डाग. भजनी मंडळात आता चित्रकलाही शिकवतात वाटतं. तिला वाटतं मला कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला! तुझी ऋता चार वर्षांची असेल ना आता?

असो. त्या बायका मंगळवारी दहाला बँकेत जातात म्हणतात. ठीक आहे. येत्या मंगळवारी बरोबर दहाला मी गल्लीत उभा राहणार. चौदा घरांना कुलूप दिसायला पाहिजे. नाही दिसलं तर श्वेताची गाठ माझ्याशी आहे.

म. पेडणेकर


मंगळवार, २८ जानेवारी

अस्मिता,

मागच्या मंगळवारी पाऊल मुरगळलं म्हणून गेलो नाही. आज गेलो.

दहाला दहा मिनिटं कमी. एकाही घराला कुलूप नाही. बऱ्याच बायका कामाला गेलेल्या, काही घरात. एक कपडे धुतेय, एक पोराला भरवतेय. नऊ नंबरच्या राधाबाई उंबऱ्याशी बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी मनात म्हटलं, सापडलात. चौदाही खोटं बोलतात.

तेवढ्यात शेवटच्या घरातून एक बाई बाहेर पडली. साठीच्या आसपासची, नऊवारी, खांद्याला जाड कापडी पिशवी. ती खाली उतरत गेली तशी प्रत्येक दारातून एक हात बाहेर आला, बाईचा नाही तर घरच्या कुणाचा. कोणी पासबुक दिलं, कोणी चिठ्ठी, कोणी नुसतं कार्ड. जसं रोज दूधवाल्याला पातेलं पुढे करतात तसं.

मी मागे लागलो. होय, लागलो. नाक्यावर ती शेअर रिक्षात बसली, मीही बसलो. अर्धा रस्ता झाला तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, “सायबानू, माज्या पाठसून कित्याक येतास? तुमी आदी पन इल्लास. तेवा केस काळे व्हते.”

आपलीच, मालवणकडची. नाव द्रौपदी. आठ वर्षांनंतर तिने मला ओळखलं आणि मी तिला नाही. त्या वेळी मी तीन दारं वाजवली त्यातलं एक तिचंच होतं.

मी ओळखपत्र काढलं. तिने ते माझ्याच खिशात परत कोंबलं. म्हणाली, हे बघून तर त्या वेळी सगळ्या घाबरल्या. मग बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. तिथे पंखा नव्हता आणि पुढे एकोणीस माणसं होती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

त्या चौदा घरांतल्या बहुतेक बायका टॉवरमध्ये घरकाम करतात. बँक उघडते तेव्हा त्या कोणाच्या तरी ओट्याशी. बँक मिटते तेव्हाही तिथेच. खातं प्रत्येकीचं आहे, दारापर्यंत जायला दिवस कोणाकडे नाही. द्रौपदीबाईंचा हात कारखान्यात मशीनमध्ये गेला, दोन बोटं नाहीत, तेव्हापासून ती घरी. मग ती सगळ्यांची जाते. चौदा कार्डं, चौदा गुप्त नंबर, सगळे तोंडपाठ. एकही कुठे लिहिलेला नाही. त्या दिवशी तिच्या घरचं पाणी बाकीच्या भरतात. पैसे ती घेत नाही, पाणी घेते.

बँकेतल्या एकाने फार पूर्वी दम दिला होता, की नंबर दुसऱ्याला सांगितला तर खातं कायमचं बंद. तेव्हापासून गल्लीचं ठरलं. कोणीही वही घेऊन आलं की सांगायचं, मीच जाते. किती वाजता विचारलं की द्रौपदी जाते ती वेळ सांगायची, म्हणजे बोलण्यात गोंधळ नको. ‘चालत वीस मिनिटं’ ही द्रौपदीची वीस मिनिटं होती. चौदा जणी एकाच बाईच्या पायांनी चालत होत्या.

मी विचारलं, मग मी आलो तेव्हा ‘कोणी मुलगी आली नव्हती’ असं का सांगितलंत? म्हणाली, “सायेब इलो, म्हनजे पोरीन चुगली केल्यान असा वाटला. म्हटला, हात वर करूया.”

हात वर केले. बस, एवढंच. आणि माझ्या घरातलं माणूस गेलं.

हे तिला मी सांगितलं नाही. पुढचं उद्या-परवा लिहितो. आज बसवत नाही.

मधुकर


रविवार, २ फेब्रुवारी

अस्मिता,

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. द्रौपदीबाई आणखी बोलली होती.

ती म्हणाली, त्या वेळची पोरगी, म्हणजे तू, परत आली होती. फॉर्म भरून झाल्यावर दोन दिवसांनी, एकटी, संध्याकाळी. राधाबाईंच्या उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “आजी, हे गुडघे घेऊन वीस मिनिटं कशा चालता? मला खरं सांगा.” तिच्यापुढे त्या सगळ्या बोलल्या. आणि बोलल्यावर घाबरल्या. तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि शब्द दिला, की हे ती कुठेही लिहिणार नाही आणि कोणाला सांगणार नाही.

मी म्हटलं, मग तुम्ही मला का सांगताय? तर म्हणते, “आता माजा वय झाला. आनी तुमी रिक्षात रडाक लागलास.” मी रडत नव्हतो. हायवेवर धूळ असते.

माझा विश्वास बसला नाही. माझ्या स्वभावाचं तुला काय सांगायचं! घरी येऊन स्टूल लावलं, माळ्यावरचे फॉर्म काढले. आई खाली उभी राहून ओरडत होती, पाय मोडेल म्हणून. सुतळी सोडली. फॉर्मची पुढची बाजू मला पाठ आहे. मागच्या बाजूला शेऱ्यासाठी चार ओळी असतात. आठ वर्षांत मी एकही फॉर्म उलटून पाहिला नव्हता. चौकशीतसुद्धा नाही. मला जे हवं होतं ते पुढच्या बाजूला होतं.

नऊ नंबरच्या मागे तुझं अक्षर, पेन्सिलने: “गुडघ्यांना पट्टे. वीस मिनिटं चालणं पटत नाही. पुन्हा विचारायला हवं.”

त्याखाली पेनने: “विचारलं. पटलं.”

बाकी काही नाही. मी ते दिव्याखाली किती वेळ धरून बसलो कोण जाणे. आईने हातातून घेतलं, वाचलं, आणि मला म्हणाली, “आता तरी कळलं का तुम्हाला?” मी म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणे, “मला कारण माहीत नव्हतं. माझी पोरगी माहीत होती.”

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला आठवते. जेवताना तू म्हणालीस, “बाबा, डोंगरावरच्या त्या गल्लीबद्दल जरा बोलायचंय.” आणि मी म्हणालो, “ऑफिसचं घरी नको, उद्या लेखी दे.” तू लेखी देऊ शकत नव्हतीस. शब्द दिला होतास ना तू!

चौकशीत एक वाक्य बोलली असतीस तरी सुटली असतीस. पुढे कुठल्याही संस्थेने तुला दारात उभं केलं नाही, ते माझ्या त्या एका शब्दामुळे. तुला आकड्यांत केवढी गती होती! आणि आता तू चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेतेस. हे मला कसं माहीत, विचारू नकोस. आईच्या भजनी मंडळातून.

या वेळच्या पोचपावतीवर सही तुझी आहे. नुसतं ‘अ’. मी ती खिशातल्या पाकिटात ठेवली आहे.

मधुकर


मंगळवार, ११ फेब्रुवारी

अस्मिता,

श्वेताचे फॉर्म पास केले. मागे शेरा लिहिला: “स्वतः जाऊन पाहिलं. मुलगी गेली होती.” ती पोर थँक्यू सर म्हणाली तेव्हा तिच्याकडे बघवेना.

आता तुझं. काल संस्थेला पत्र दिलं. दोन प्रती, एकीवर पोचीचा शिक्का घेतला, ती सोबत आहे. त्यात लिहिलंय की २०१७ चे चौदा फॉर्म खरे आहेत, मुलगी एकदा नाही, दोनदा गेली होती, आणि ‘बनावट’ हा माझा शेरा चुकीचा होता. उत्तरं सारखी का, याचं कारण मला समजलं आहे आणि ते मी लिहिणार नाही, असंही लिहिलंय. द्रौपदीबाईचं नाव कुठेही नाही. तुझा शब्द मोडलेला नाही. साहेब म्हणाले, कारण दिल्याशिवाय हे मान्य कसं करायचं? मी नऊ नंबरचा फॉर्म उलटा करून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पेन्सिलचं आणि पेनचं, दोन्ही वाचलं. शेरा काढतील. तसं पत्र तुझ्या पत्त्यावर येईल, ते केयूरने उघडलं तरी चालेल.

कंत्राट माझं या महिन्यात संपेल, कारण त्या पत्रात आणखी एक ओळ आहे. तीच तुला सांगायची राहिली होती. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

चिठ्ठी तुझ्या गल्लीची निघाली नव्हती.

फेरतपासणीसाठी चिठ्ठ्या टाकतात, डब्यातून एक उचलतात, निघेल तिथे जायचं. त्या दिवशी निघाली होती चेंबूरची चाळ. मी ती परत डब्यात टाकली आणि तुझी शोधून काढली. का, तर आदल्या आठवड्यात भर दुपारी, कामाच्या वेळेत, घाटकोपर स्टेशनबाहेर तुला केयूरबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. दोघं हसत होतात. मला वाटलं, ही फॉर्म कुठे भरते ते कळलं. म्हणजे त्या बायकांनी हात वर करायच्या आधीच माझा निकाल लागला होता. त्यांनी फक्त माझ्या मनातलं सांगितलं. द्रौपदीबाईला दोष देऊन मी आठवडाभर सुखाने झोपलो, तेही कबूल करतो.

संशय हे माझं काम होतं. पण तुझ्या बाबतीत मी काम केलं नाही गं. काम केलं असतं तर फॉर्म उलटला असता. चुकलो मी, अस्मिता. फार चुकलो.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आज आईला सांगितलं, की तुझं भजनी मंडळ कांजूरला आहे हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. ती काय म्हणाली माहितेय? “मग दोन वर्षं डबा उचलायला का नाही आलात? चार ताळ्यांचा असतो तो.” गुरुवारी ती निघेल तेव्हा हे पाकीट डब्याच्या वरच्या ताळीत असेल, घावण्यांवर. तेलाचे डाग पडले तर माफ कर.

आणि डबा मी उचलणार आहे. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत. आई वर जाईल. मी खाली थांबेन. तिकडे वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो म्हणतात, येऊ दे. तू बोलावलंस तर वर येईन. नाही बोलावलंस तर पुढच्या गुरुवारी येईन, आणि त्याच्या पुढच्या.

तीन वेळा दार वाजवल्याशिवाय ‘घर बंद’ लिहायचं नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. आठ वर्षं मी तुझ्या नावापुढे ते लिहून बसलोय आणि एकदाही दार वाजवलेलं नाही.

परवाचा गुरुवार पहिला.

बाबा